चोवीस झाल्याशिवाय घास नाही

टूर्सच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या दिवशी राजूभाऊंनी मला दोन किल्ल्या, एक रजिस्टर आणि एक नियम दिला. किल्ल्या शटरच्या, रजिस्टर हजेरीचं. आणि नियम असा, की ज्येष्ठ मंडळाची सहल असेल तेव्हा सगळी माणसं मोजून झाल्याशिवाय कोणीही ताटाला हात लावायचा नाही. चहाच्या कपालाही नाही.

"काऊन पण?" मी विचारलं.

"हे विचारायचं नाई," राजूभाऊ म्हणाले. "बाकी काहीबी विचार. पगार विचार, सुट्टी विचार. हे नाई."

मी टुरिझम शिकून आलेली मुलगी. कॉलेजात तीन वर्षं मला 'प्रश्न विचारा' असंच सांगितलं होतं, आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या तासातच मला गप्प बसवण्यात आलं. राजूभाऊ ऑफिसचे मालक, वर माझे दूरचे मामा. त्यामुळे दोन्ही बाजूंनी तोंड बंद.

मैत्रिणींना वाटतं, टूरचं काम म्हणजे समुद्र, सेल्फी आणि फुकटचा नाश्ता. भेटल्या की म्हणतात, "सांग ना एखादा किस्सा." एखादा कुठला सांगू? आमच्याकडे किस्से पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांसारखे साठतात. पहिला वाळायच्या आत दोरीवर दुसरा. त्यातून यंदा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या ज्येष्ठ मंडळानं अंदमानला जायचं ठरवलं. सभासद चोवीस, त्यातले सगळ्यात 'तरुण' सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी बेटावर कोणत्या वेळी काय करायचं आणि काय खायचं, हे ठरवायचं काम माझं. गेले तीन महिने फोन वाजला की मी आधी नाव बघते, मग उचलते.

०

मंडळाचे अध्यक्ष मोहोड गुरुजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. खिशाला लाल पेन अजून आहे.

पहिल्या बैठकीत मी मोठ्या कौतुकानं कार्यक्रमाचा तक्ता नेला. काचेच्या तळाची बोट निळ्या रंगात, किनाऱ्यावरचा फेरफटका हिरव्यात, जेवणं नारिंगी. गुरुजींनी चष्मा चढवला आणि लाल पेनानं पहिल्याच ओळीला गोल केला.

"सकाळी आठ वाजता नाश्ता," त्यांनी वाचलं. "अन् त्याच्या आधी?"

"आधी झोप, गुरुजी."

"कोणाची?"

मागं वळून पाहिलं तर उरलेले तेवीसच्या तेवीस चेहरे माझ्याकडे दयेनं बघत होते. मंडळात पहाटे चारनंतर झोपलेला माणूस आजारी समजतात. चारला उठायचं, साडेचारला चहा, पाचला फिरणं. आठ वाजेपर्यंत यांचा अर्धा दिवस संपलेला असतो.

तिथूनच मी बेटावरच्या हॉटेलला फोन लावला. तिथले मॅनेजर दासबाबू. फार सज्जन माणूस, पण साडेचारच्या चहाचं ऐकून त्यांचा आवाज बदलला.

"मॅडम, इतने बजे तो यहाँ सिर्फ मछुआरे उठते हैं."

फोन स्पीकरवर होता. गुरुजी पुढे झुकले. "सांग त्याले, त्यायच्याच सोबत दोन कप आमचेबी टाकजो म्हणा."

०

त्यानंतर आले फॉर्म. साधा एक कागद. 'मला पुढीलपैकी काही त्रास आहे', आणि खाली चौकोन. मधुमेह, रक्तदाब, हृदय, गुडघे, इतर. बेटावर मोठा दवाखाना बोटीच्या अंतरावर असतो, म्हणून मला हे माहीत असणं भागच होतं.

फॉर्म परत आले. तेवीस जण ठणठणीत. चौकोन कोरेच्या कोरे. ज्यांना ऑफिसच्या दोन पायऱ्या चढायला मी हात देते तेही ठणठणीत, आणि ज्यांच्या छातीत दोन जाळ्या बसवल्याचं अख्ख्या पिपरीला माहीत आहे तेही.

चोविसावा फॉर्म नलूमावशींचा. मधुमेहावर बरोबरची खूण, इन्सुलिनचं नाव, घेण्याच्या वेळा, आणि मागे टाचणीनं लावलेली फाईलची झेरॉक्स.

नंतर कळलं, की मागच्या सहलीच्या वेळी एकानं खरं लिहिलं, तो कागद त्याच्या मुलानं पाहिला आणि बापाला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तेव्हापासून मंडळात कोणाला काही होत नाही.

आठवड्यानं मी नाश्त्याचा कागद फिरवला. पोहे की उपमा, चहा साखरेचा की बिनसाखरेचा. दोन्ही गठ्ठे घेऊन मी गुरुजींपुढे बसले.

"गुरुजी, मधुमेह एक आहे आणि बिनसाखरेचे चहा पंधरा आहेत."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला.

"चव असते एकेकाची," ते म्हणाले.

०

जेवणाच्या यादीवर तर तीन बैठका झाल्या. दासबाबूंनी फोनवर वाचून दाखवलं, रोटी है, पराठा है, पूरी है, चावल है. इकडून एकच प्रश्न गेला.

"भाकर?"

"वो क्या होता है?"

सभेत हळहळ पसरली. अशा बेटावर माणसं राहतात तरी कशी, असं एकानं विचारलंसुद्धा. नऊ जणांनी हात वर करून सांगितलं की ज्वारीशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही. हेही फॉर्मवर कोणी लिहिलं नव्हतं.

शेवटी ठरलं, की प्रत्येकानं एक किलो ज्वारीचं पीठ सोबत घ्यायचं आणि मंडळातल्या बायकांनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात आळीपाळीनं भाकरी थापायच्या. सगळ्यांनी माना हलवल्या. गुरुजींच्या पत्नी सुधाकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या समोर बघत, ओठ न हलवता म्हणाल्या, "समुद्र ओलांडून जाव, अन् तिथीबी भाकरीच थापाव."

मी एकटीनंच ऐकलं.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र विमानतळ उभं राहिलं. चोवीस म्हातारी माणसं, चोवीस पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एक किलो पांढरी पूड. मी आरशापुढे उभी राहून वाक्य पाठ केलं, "सर, ये ज्वार का आटा है, ये सब पेशंट हैं." मग 'पेशंट' काढलं, कारण फॉर्मप्रमाणे नलूमावशी सोडून कोणीच पेशंट नव्हतं.

मी सगळ्यांना बजावलं, पीठ मोठ्या बॅगेत टाका, हातात नको. वीज मंडळातले निवृत्त लाइनमन चौधरीकाका दुसऱ्याच दिवशी पिठाची थैली दाखवायला आले. थैली पाच किलोची.

"काका, एक किलो म्हटलं होतं."

"एकच आहे. बाकीचं चार किलो रिझर्व्ह."

०

हेच चौधरीकाका पंधरा दिवसांनी परत आले. या वेळी एकटे. आत येऊन दार अर्धवट लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

त्याआधी काय झालं होतं, की तिसऱ्या संध्याकाळसाठी मी तीन पर्याय दिले होते. नाचगाण्याचा कार्यक्रम, शिंपल्यांच्या वस्तू बनवणं, किंवा मोकळा वेळ. मंडळात पुरुष चौदा. चौदांनी 'मोकळा वेळ' लिहिलं होतं. मला वाटलं, दमत असतील बिचारे.

"बेटा," काका म्हणाले, "तिथलं कसं आहे?"

"उकाडा असतो काका, दमट हवा. सुती कपडे घ्या."

"हवामान नाई विचारून राह्यलो. कायदा कसा आहे?"

वर्ध्यात जन्म गेलेल्या माणसाला याहून जास्त बोलावं लागत नाही. जिल्ह्यात दारूबंदी माझ्या जन्माच्या आधीपासूनची. आमच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा नागपूरला निघाली की जरा ताठ चालतात.

मी माझा सगळ्यात कोरडा आवाज काढला. "काका, आधी मला सांगा, गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत?"

काका उठले, खुर्ची जागेवर ठेवली.

"एकबी नाई. फॉर्म पाह्य ना माझा."

०

नलूमावशींबद्दल मघाशी ओझरतं सांगितलं. एकोणसत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. मुलं जेवल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही, ही सवय इतकी, की अजूनही हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी आजूबाजूच्या बशा बघतात.

त्या ऑफिसात आल्या तेव्हा हॉटेलचं विचारलं नाही, खोलीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "काऊन वो करुणा, समुद्राचं पाणी खरंच खारं असते काय?"

"म्हणजे काय मावशी! असतंच."

"तू चाखलं?"

"चाखलं."

"मी तीस वर्षं पोरायले शिकवत आली, समुद्राचं पाणी खारं, नदीचं पाणी गोड. मले कुठी माहीत? पुस्तकात होतं म्हणून म्हणत गेली." मग जरा लाजून, "कार्यक्रमात तेवढी पाच मिनटं ठेवजो. सगळे पुढं निघून जातीन अन् माझं राहून जाईन."

मी तिथल्या तिथे तक्त्यात लिहिलं, 'दुसरा दिवस, सकाळी साडेसात: समुद्र चाखणे.' गुरुजींच्या लाल पेनातून ती ओळ सुटली. का सुटली ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, म्हटलं उगाच आठवण नको.

जाता जाता मावशी दारात थांबल्या.

"जेवण किती वाजता म्हणली?"

"दुपारचं साडेबारा."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग मी सव्वाबाराले सुई घेत जाईन."

"बिनधास्त घ्या मावशी," मी म्हटलं. "माझं टाइमटेबल मिनिटभर हलत नाही."

असं मी म्हटलं होतं. मीच.

०

अंदमानला जायच्या आधी समुद्राची तालीम झाली पाहिजे, ही गुरुजींची कल्पना. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होते तशी. वर्ध्यात समुद्र नाही, पण हिंगणीजवळ बोर धरण आहे, पाणी आहे, झाडी आहे. ठरलं. मिनीबस काढली, जेवणाचे डबे घेतले आणि कुठूनतरी एक लाइफ जॅकेट पैदा केलं. चोवीस जणांत एक.

बसमध्ये सुधाकाकू माझ्या शेजारी होत्या. मी त्यांना विचारलंच, कारण राजूभाऊ पुढच्या सीटवर घोरत होते.

"काकू, हा हजेरीचा नियम कोणी काढला?"

काकूंनी गुरुजींच्या पाठीकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं. खूप वर्षांपूर्वी मंडळ रेल्वेनं यात्रेला निघालं होतं. गुरुजींचे थोरले भाऊ सोबत होते. त्यांना विसर पडायला लागला होता. एका स्टेशनवर ते पाण्यासाठी उतरले. गाडी सुटली. डब्यात सगळ्यांनी पुरी-भाजी सोडली, हसत-खेळत जेवले, गुरुजीही जेवले. भाऊ नाहीत हे कळलं तेव्हा ताटं धुऊन झाली होती. तिसऱ्या दिवशी सापडले, कुठल्याशा दुसऱ्याच स्टेशनवर, अनवाणी.

"तवापासून हे," काकू म्हणाल्या. "घरीबी. दोघंच असलो तरी मोजतेत."

तीन महिने ज्या नियमावर मी दात-ओठ खाल्ले होते, त्याच्या आत हे निघेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापुरता माझा राग थोडा उतरला. उतरायला नको होता.

०

तालीम उत्तम झाली. बोटीत चढायचा सराव म्हणून एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळी लावली. एकेक जण जॅकेट घालून चढायचा, पलीकडून उतरायचा आणि जॅकेट काढून पुढच्याला द्यायचा. शेतकऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, कोणत्या देवाचं आहे हे?"

नलूमावशी चढल्या, उतरल्या, आणि सगळ्यांच्या नकळत पाण्याकडे गेल्या. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "हे तर गोडच आहे," मला म्हणाल्या, जसं काही मी त्यांना हा समुद्र म्हणून सांगितलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी झाडाखाली सतरंज्या अंथरल्या. सव्वाबाराला मावशींनी पाठ करून सुई घेतली. साडेबाराला ताटं वाढून झाली. मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. मला माझा अभिमान वाटत होता.

गुरुजींनी रजिस्टर माझ्याकडून घेतलं आणि मोजायला लागले. तेवीस.

परत मोजलं. तेवीस. चौधरीकाका नाहीत.

"येईन, थांबा," कोणीतरी म्हणालं. थांबलो. राजूभाऊ झाडीच्या बाजूला हाका मारत गेले. दोघं पाण्याच्या बाजूला गेले. पाऊण वाजला. एक वाजायला पाच. वरणावर साय धरली.

"गुरुजी, ज्यांची औषधं आहेत त्यांना तरी बसू द्या," मी म्हटलं.

"कोणाची औषधं?" गुरुजींनी खरोखरच विचारलं. आजूबाजूला पंधरा बिनसाखरेचे लोक. एकानंही मान वर केली नाही.

मी मावशींकडे पाहिलं. पदरानं कपाळ पुसत होत्या. "मावशी, तुम्ही खा."

"राहू दे वो. एक माणूस बाकी आहे. घाई नाई मले."

उन्हानं घाम येतोय, असं मला वाटलं. मला तसं वाटून घ्यायचं होतं. मग मी चौधरीकाकांना शोधायला धावले. परत आले तेव्हा मावशी उभ्या होत्या. टाळ्या वाजवत होत्या.

"चला, हात धुवा. रांगेत बसा. बंटी, ढकलू नको त्याले. पिंकी, डबा कुठी तुझा?"

आणि सगळे हसत होते. खरंच हसत होते. कोणीतरी म्हणालं, "नलूबाई आज रंगात आली." एका काकांनी तर लहान मुलासारखे हात पुढे केले, "बाई, मी धुतले."

मावशी त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्यांना बघत नव्हत्या. ओठ पांढरे. हात थरथरत होता. मी गुलाबजामचा डबा उघडला, त्यातला पाक वाटीत घेतला आणि त्यांच्या तोंडाला लावला.

"अवो पोरी, हजेरी," मागून गुरुजींचा आवाज आला.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

०

सावंगीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मावशी माझी मांडी धरून होत्या. रस्त्यात आणखी पाक पाजला, बिस्किटं चारली. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची. तिनं सुईची वेळ विचारली, जेवणाची वेळ विचारली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"सुई घेतली की जेवण थांबवायचं नाही. कोणासाठीही नाही. यांना कोणी सांगितलं नव्हतं?"

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"मग का थांबल्या?"

याचं उत्तर कोणत्या फॉर्मवर असतं?

तासाभरानं मावशींच्या चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, "चोवीस झाले काय?"

झाले होते. चौधरीकाका तालमीनंतर बसमध्ये जाऊन बसले होते, आणि बसमध्ये बघायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मागच्या सीटवर, खिडकीची काच लावून. त्यांना वाटलं जेवायला बोलावतील, म्हणून वाट बघत बसले, बघता बघता डोळा लागला.

"मले कोणी हाक नाई मारली," त्यांनी नंतर तक्रारही केली.

०

चार दिवसांनी मंडळाची सभा भरली, पिपरी मेघेच्या हॉलमध्ये. मावशी घरी आराम करत होत्या. मला वाटलं, आज गुरुजी स्वतःहून नियम मागे घेतील. चार दिवस मी हेच धरून बसले होते. त्यांना कसं वाटत असेल, त्यांना अवघड जाऊ नये म्हणून मी काय बोलायचं, हेसुद्धा ठरवलं होतं.

समोर चहा ओतून ठेवला होता, बशांत टोस्ट. कोणी हात लावला नव्हता. चौधरीकाका यायचे होते.

गुरुजी उभे राहिले. आवाज थकलेला होता, पण कागद स्वच्छ अक्षरात लिहिलेला.

"हजेरीचा नियम पूर्वीसारखाच कायम राहील. दुसरं, नलूबाईंनी तब्येतीच्या कारणानं सहलीला येऊ नये, असं मंडळाचं मत आहे." त्यांनी कागद घडी केला. "तिच्याच भल्यासाठी आहे हे. करुणा, नाव कापून टाकजो. अन् तिले फोन तू कर. तुझं ऐकते ती."

"बरोबर आहे," एक काका म्हणाले. "बेटावर काही झालं तर कोण धावपळ करन?"

"अन् तिनं लिहून देल्लंच आहे ना फॉर्मवर, का तिले आहे म्हणून."

"बाकी कोणाले तर काही नाई."

मी राजूभाऊंकडे पाहिलं. ते डोळ्यांनी सांगत होते, हो म्हण आणि बस. मंडळ गेलं तर ऑफिसचं अर्धं वर्ष गेलं. मला ते कळत होतं. रजिस्टर माझ्या हातातच होतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुम्ही काऊन मोजता?"

राजूभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "करुणा."

"विचारू द्या मामा. गुरुजी, काऊन मोजता तुम्ही?"

गुरुजींनी कागदाची आणखी एक घडी घातली. "कोणी मागं राहू नाई म्हणून."

"मग हे काय करून राह्यले तुम्ही?"

"तू लहान आहेस बेटा. तुले नाई समजणार."

"मी लहान आहे, मान्य. पण त्या दिवशी मावशींच्या तोंडात पाक मी घातला, आणि तुम्ही हसून राह्यले होते. खोटं लिहायला त्यांनाही येत होतं. त्यांनी खरं लिहिलं म्हणून त्या घरी बसणार, आणि तुम्ही सगळे ठणठणीत लोक समुद्र बघणार." माझा आवाज फाटत होता, पण आता थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. "मी नाव कापणार नाही. फोनही करणार नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून सांगा. आणि वाढलेली ताटं थांबवून मी यापुढे एकही माणूस मोजणार नाही. जेवायच्या आधी मोजीन, जेवण झाल्यावर मोजीन, जेवणाऱ्यांच्या भोवती फिरून मोजीन. पण भुकेल्या माणसाला थांबवून नाही. चालत नसेल तर दुसरी मुलगी बघा."

रजिस्टर मी टेबलावर ठेवलं.

जे नेहमी खोकतात तेही खोकले नाहीत. राजूभाऊ जमिनीकडे बघत होते. गुरुजी उभेच होते, हातात घडी केलेला कागद, आणि त्यांच्या ओठांचा चाळा चालला होता, जसं काही मनात कोणाला तरी मोजत होते.

त्या शांततेत बायकांच्या रांगेतून आवाज आला. कुर्रम.

सुधाकाकूंनी टोस्ट मोडला होता. अर्धा चहात बुडवला, खाल्ला, आणि उरलेला अर्धा उचलला.

हजेरी अजून व्हायची होती.